आधी पार्किंगमधला प्लग, मग शोरूम

"गाडी बुक केलीय, पुढच्या आठवड्यात हातात येईल. आता चार्जिंगचं काय करू?" इलेक्ट्रिक गाडीबद्दल विचारणाऱ्या वाचकांचा हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. रंग ठरलेला असतो, कर्ज मंजूर झालेलं असतं, पेढेही सांगून ठेवलेले असतात. फक्त गाडी रात्री लावायची कुठे आणि तिला वीज कुठून द्यायची, हे ठरलेलं नसतं. मग पहिले दोन महिने सोसायटीच्या कमिटीमागे आणि सार्वजनिक चार्जरच्या रांगेत जातात आणि दोष मात्र गाडीला मिळतो.

दोन वर्षं अशी गाडी चालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. घरच्या पार्किंगमध्ये भरवशाचा वीजपुरवठा असेल, तर इलेक्ट्रिक गाडीसारखं सुख नाही. तो नसेल, तर कितीही महागाची गाडी घेतलीत तरी कटकट चुकत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रात्री गाडी कुठे उभी राहते?

तुमची परिस्थिती या तिन्हींपैकी कोणती, ते आधी ठरवा.

- स्वतःचं घर किंवा बंगला: वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. एवढं झालं की निर्धास्तपणे पुढे जा.
- सोसायटीत ठरलेली पार्किंगची जागा: परवानगी आणि केबल या दोन गोष्टी बुकिंगच्या आधी मार्गी लावा.
- रस्त्यावर किंवा ‘मिळेल तिथे’ पार्किंग: ऑफिसात चार्जिंगची खात्रीशीर सोय असेल तरच विचार करा. फक्त सार्वजनिक फास्ट चार्जरवर विसंबून रोजची गाडी चालवू नका. तिथला दर घरच्या दराच्या दुप्पट-तिप्पट असतो, वर १८ टक्के जीएसटी लागतो आणि पेट्रोलच्या तुलनेत होणारी बचत तिथेच आटते.

मल्टिलेव्हल किंवा यांत्रिक पार्किंग असेल, तर तुमचा पाळणा वर-खाली होत असताना केबल कुठून जाणार हे लिफ्ट कंपनीला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

वायरमनला काय सांगाल?

गाडीसोबत बहुधा एक पोर्टेबल चार्जर मिळतो. तो १५ अँपियरच्या, म्हणजे गीझर-एसीच्या जाड पिनच्या सॉकेटला लागतो आणि सुमारे ३.३ किलोवॉटने चार्ज करतो. दुसरा पर्याय भिंतीवरच्या ७.२ किलोवॉटच्या डब्याचा, म्हणजे वॉलबॉक्सचा. चाळीस युनिटची बॅटरी वीस टक्क्यांवरून पूर्ण भरायला पहिल्याला दहा-अकरा तास लागतात, दुसऱ्याला साधारण पाच.

शोरूमवाले वॉलबॉक्सचा आग्रह धरतात. पण तुमचं रोजचं चालणं साठ किलोमीटरच्या आत असेल, तर दिवसाला नऊ-दहा युनिटच खर्च होतात आणि १५ अँपियरचा साधा पॉइंट रात्रीत ते आरामात भरून काढतो. वॉलबॉक्ससाठी बहुतेक फ्लॅटमध्ये मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, कधी थ्री-फेज जोडणीही घ्यावी लागते. गरज नसेल तर तो खर्च टाळा.

वायरिंगमध्ये मात्र एक रुपयाही वाचवू नका. का, ते सांगतो. पहिल्याच वर्षी चिपळूणजवळ नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो होतो. वॉशिंग मशीनच्या सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड जोडून रात्री गाडी लावली. पहाटे पाणी प्यायला उठलो तर पडवीत जळक्या प्लास्टिकचा वास. बोर्डाची पांढरी पाटी पिनांच्या भोवती तपकिरी पडली होती आणि प्लग हाताला चटका बसेल इतका तापला होता. बोर्ड ‘सोळा अँपियर’चाच होता. पण गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, गाडी सलग दहा तास चौदा अँपियर ओढत राहते. बाजारातली सगळी स्वस्त सॉकेटं हा ताण सोसत नाहीत. त्या दिवसापासून एक्स्टेंशन बोर्ड माझ्या गाडीजवळ फिरकलेला नाही.

वायरमनकडून एवढं नक्की करून घ्या:

- मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन. तिच्यावर दुसरं काहीही नको.
- तांब्याचीच केबल. ३.३ किलोवॉटसाठी किमान ४ स्क्वेअर एमएम, ७.२ साठी ६. अंतर जास्त असेल तर एक माप वरची घ्या.
- योग्य क्षमतेचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. गळती झाली की वीज क्षणात तोडतो, तो हाच.
- चांगल्या कंपनीचं औद्योगिक सॉकेट. उघड्यावर असेल तर झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा.
- खरं, मोजलेलं अर्थिंग.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण गावाकडच्या घरांत गाडी अडते ती इथेच. चार्जर लावला की लाल दिवा लागतो, चार्जिंग सुरूच होत नाही आणि मालक म्हणतो, गाडी बिघडली. गाडी ठीक असते. तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसतं, किंवा पंचवीस वर्षांपूर्वी पुरलेली पट्टी केव्हाच गंजून गेलेली असते. वायरमनला मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा. तो पाच व्होल्टच्या वर दिसला तर नवा अर्थिंगचा खड्डा घ्या. न्यूट्रलची वायर अर्थला जोडून ‘जुगाड’ करून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथूनच परत पाठवा. अशा जोडणीत न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते.

सोसायटीची परवानगी

कमिटीचे लोक विरोधासाठी विरोध करतात, असं मला वाटत नाही. त्यांना भीती असते ती चार गोष्टींची: आग लागेल का, इमारतीचा भार वाढेल का, बिल कुणाच्या माथी बसेल आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर काय. या चारही प्रश्नांची उत्तरं अर्जातच द्या. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून एक पानी अहवाल घ्या. त्यात केबलचा मार्ग, माप, संरक्षण उपकरणं आणि तुमच्या मीटरचा मंजूर भार लिहिलेला असावा. ‘सर्व खर्च माझा, वीज माझ्याच मीटरवरून, दुरुस्तीची जबाबदारी माझी’ हे वाक्य स्पष्ट लिहा. अर्ज हातोहात देऊन प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकलेला मजकूर म्हणजे अर्ज नव्हे.

तरीही अडवणूक झाली तर:

1. नकार आणि त्याचं कारण लेखी मागा. तोंडी ‘बघू, पुढच्या सभेत घेऊ’ यावर महिने जातात.
2. वीज कंपनीकडे चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वीज (ग्राहकांचे हक्क) नियमां’त दुरुस्ती करून ही सोय दिली आहे. त्याच दुरुस्तीनुसार परिपूर्ण अर्ज केल्यावर नवी जोडणी देण्याची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे.
3. सोसायटीच्या कारभाराची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करता येते. पण तिथवर जाण्याआधी अध्यक्षांना एकदा घरी चहाला बोलवा आणि गाडी दाखवा. मी पाहिलेल्या तीन सोसायट्यांपैकी दोन ठिकाणी प्रश्न तिथेच सुटला.

चार-पाच सभासदांना गाडी घ्यायची असेल, तर प्रत्येकाने वेगळी केबल ओढण्यापेक्षा सोसायटीने एकच सामायिक जोडणी घेऊन प्रत्येकाच्या वापराप्रमाणे वसुली करणं शहाणपणाचं. भिंतीवर केबलचं जाळंही होत नाही.

बिलाचं गणित

घरच्या सॉकेटपासून मोजलं तर मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, ती यात धरली आहे. महिन्याला १,२०० किलोमीटर म्हणजे साधारण १८५ युनिट.

आता तुमचं बिल उघडा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. घरात आधीच २०० युनिट जळत असतील, तर गाडीची पहिली शंभर युनिटं दुसऱ्या टप्प्यात बसतील आणि उरलेली ८५ तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जातील. गाडीचा खर्च काढताना बिलावरचा सरासरी दर धरू नका, तुमच्या वरच्या टप्प्याचा दर धरा. तो फार चढा निघत असेल, तर ईव्ही चार्जिंगच्या स्वतंत्र मीटरचा विचार करा. त्याला टप्पे लागत नाहीत, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी मांडूनच ठरवा.

बंगला असेल, तर छतावरच्या सौर पॅनेलचा पर्याय बघाच. एक किलोवॉट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतात, म्हणजे गाडीपुरते दीड किलोवॉट पुरतात. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

कंपनीचा आकडा आणि घाटातला आकडा

जाहिरातीतली रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. एसी लावून, चार माणसं बसवून, महामार्गावर ताशी ९०-१००ने गेलात तर त्या आकड्याचा दोन तृतीयांश हिशेबात धरा. शहरात रेंज उलट वाढते, कारण ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत जाते. पेट्रोल गाडीच्या बरोबर विरुद्ध हे गणित आहे आणि ते अंगवळणी पडायला महिना जातो.

घाटाचं गणित वेगळं करावं लागतं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना गाडी सुमारे सहाशे मीटर उंची चढते. दोन टनांचं वजन एवढं वर न्यायला नुसत्या चढासाठीच तीन-साडेतीन युनिट जास्त लागतात. टक्का भराभर खाली येताना बघून घाबरू नका, उतरताना त्यातला बराचसा भाग परत मिळतो. पण एक चूक टाळा. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के केलीत आणि सकाळी उतरायला लागलात, तर परत आलेली वीज साठवायला जागाच नसते. मग गाडी आपोआप धरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरून निघताना ८०-८५ टक्क्यांवर थांबा.

रोजच्या वापरातही तेच पथ्य. बॅटरीचा प्रकार कोणता, ते विक्रेत्याला विचारून घ्या. एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांपर्यंत आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण. एलएफपी असेल तर अधूनमधून शंभर टक्के करावी लागते, नाहीतर टक्क्याचा अंदाज चुकत जातो. किती दिवसांनी, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. महिनाभर परगावी जाणार असाल तर निम्मी चार्ज ठेवून जा.

गणपतीला गावी जाताना

सर्वांत जास्त फोन मला भाद्रपदात येतात. मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्यांची गर्दी आणि मोजके चार्जर, यामुळे एरवी चाळीस मिनिटांचं काम तीन तासांवर जातं. त्यासाठी:

- दोन-तीन चार्जिंग कंपन्यांची ॲप घरूनच घ्या आणि प्रत्येकात थोडे पैसे भरून ठेवा. घाटात नेटवर्क नसताना यूपीआय चालत नाही.
- ॲपवर ‘उपलब्ध’ दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा. दोन दिवसांत कुणी वापरलेला नसेल, तर तो बंद आहे असंच समजा.
- वीस टक्क्यांच्या खाली जाऊ नका आणि पहिला चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे, हे आधीच ठरवा.
- फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग फार घटतो. मागे रांग असेल तर ८०ला गाडी काढा, पुढे पुन्हा थांबा. वेळ तुमचाही वाचतो, मागच्याचाही.
- गावच्या घरी आधी फोन करून अर्थिंगची चौकशी करा. गाडी पोचल्यावर वायरमन शोधायचा, तर सणात तो मिळत नाही.

पावसात चार्जिंग केलं तर चालतं का? गाडीच्या तोंडाला बसणारा कनेक्टर पाण्याचा विचार करूनच बनवलेला असतो. भिंतीकडचं साधं तीन पिनांचं सॉकेट तसं नसतं. ते आणि पोर्टेबल चार्जर दोन्ही कोरड्या जागी हवेत.

ताबा घेताना

हारतुरे नंतर. आधी गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष चासी क्रमांकावरून तपासा, कारण सहा-आठ महिने उन्हात यार्डात उभी राहिलेली गाडी घेण्यात अर्थ नाही. शोरूममध्येच एसी आणि डीसी, दोन्ही प्रकारे दहा-दहा मिनिटं चार्जिंग करून दाखवायला सांगा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर दुरुस्तीचं किट असतं. ते वापरून बघा. अडकलेली चार्जिंग केबल हाताने सोडवायची तार कुठे आहे आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर दार कसं उघडायचं, हेही विचारा. ही छोटी बॅटरी मेली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. आणि बंद पडलेली गाडी दोरीने ओढू देऊ नका, चारही चाकं वर घेणारी सपाट क्रेनच मागवा.

वॉरंटी आणि विमा

बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. काही कंपन्या आता ‘आजीवन’ म्हणतात, पण ती बहुधा पहिल्या खासगी मालकापुरती असते. गाडी विकली की मुदत बदलते. कागदावर हे शोधा: क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, वॉरंटी कशाने रद्द होईल आणि सर्व्हिस चुकली तर काय. बाहेरच्या दुकानात वायर कापून दिवे किंवा हॉर्न बसवणं हे वॉरंटी नाकारण्याचं सगळ्यांत सोपं निमित्त ठरतं.

दगड किंवा उंच गतिरोधक लागून गाडीच्या पोटातली बॅटरी चेपली, तर तो वॉरंटीचा नाही, विम्याचा दावा होतो. म्हणून झीरो डेप घ्याच आणि पॉलिसीत बॅटरी व चार्जर दोन्हींना संरक्षण असल्याचं लेखी बघा. गाडी पुरात बुडाली तर ती सुरूही करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. इलेक्ट्रिक गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावर १५ टक्के सूट आहे, ती लागली का तेही तपासा.

सवलतींबद्दल दोन गैरसमज

पहिला प्राप्तिकराचा. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची वजावट देणारं ८०ईईबी हे कलम फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना लागू आहे. आज कुणी विक्रेता ती दाखवून गाडी विकत असेल, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

दुसरा टोलचा. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ आहे. म्हणजे सगळीकडे माफ, असं नाही. पुणे-कोल्हापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गावर टोल भरावाच लागतो. माफीच्या मार्गावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले, तर संदेश पुसू नका. परताव्यासाठी तोच पुरावा आहे.

तक्रार करायची वेळ आली तर

वर्कशॉपमध्ये प्रत्येक वेळी जॉबकार्ड घ्या आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेल्या कार्डाला पुढे किंमत उरत नाही. विजेची तक्रार १९१२ वर करा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. गाडीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. तिथेही सुटली नाही तर ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षांची आहे, वर्कशॉपच्या आश्वासनांत ती घालवू नका.

आणि तुमच्या सोसायटीतली पहिली इलेक्ट्रिक गाडी तुमची असेल, तर अर्ज, ठेकेदाराचा अहवाल आणि खर्चाची पावती यांची एक प्रत फाइलला लावून ठेवा. वर्षभरात कुणीतरी शेजारी तुमचं दार वाजवील, तेव्हा ती फाइल त्यांच्या हातात द्या.